अक्काचे अकरा किलो

स्वयंपाक करणारा माणूस काटकुळा असेल तर त्याच्या हातचं खाऊ नये, असं अक्का गेली सव्वीस वर्षं सांगत आली होती. तिच्या हातचं जेवणाऱ्या सहाशे माणसांनी ते कधी खोटं म्हटलं नाही. वायरी बनवणाऱ्या कारखान्याचं कॅन्टीन तिच्या ताब्यात होतं. तीन पातेली, एकेक एवढं मोठं की आत उभं राहून अंघोळ करावी. माप म्हणून तिने कधी हातात धरलं नाही. मीठ मुठीने, तिखट चिमटीने, तेल नजरेने. मग पळी उचलायची, डाव्या तळहातावर थोडं ओतायचं, जिभेने टिपायचं, क्षणभर डोळे मिटायचे आणि काय कमी पडलंय ते सांगायचं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तो तिचा धंदाच होता. वजन शहाऐंशी किलो, आणि त्या वजनाची तिला लाज नव्हती. कशाला असावी? चोरून आणलेलं थोडंच होतं.

लाज वाटण्याची वेळ आणली ती धाकट्याच्या आजाराने.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ, नऊ वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, आणि तेव्हापासून त्याची आई म्हणजे अक्काच. तिने स्वतः लग्न केलं नाही, कुणी विचारलं की म्हणायची, "एक पोर वाढवलं, तेवढं पुरे झालं." मोठा होऊन तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायला लागला, त्याचं लग्न झालं, दोन खोल्यांचा संसार मांडला. आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी डोळे पिवळे झाले. लिव्हर गेलं होतं. दारूचा थेंब कधी शिवला नाही हो त्याने, पण लिव्हर म्हटलं की लोकांनी काय म्हणायचं ते ठरलेलंच असतं. म्हणालेच.

डॉक्टरांनी सांगितलं, घरातल्या कुणी आपल्या लिव्हरचा तुकडा दिला तर हा जगेल. देणाऱ्याचं पुन्हा वाढतं. भावजयीने लगेच हात पुढे केला, पण तिचा रक्तगट जुळला नाही. अक्काचा जुळला. अक्का त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून अक्षरशः हसत होती. मग तिच्या तपासण्या झाल्या आणि सर्जनने फोटो उजेडाला धरून दाखवला. तिच्या स्वतःच्या लिव्हरमध्ये चरबी साठली होती.

"अकरा किलो उतरवा," तो म्हणाला. "दहा आठवडे देतो. मग पुन्हा तपासू."

"आणि त्याच्याकडे किती आहेत?" अक्काने विचारलं.

"तीन महिने नक्की. पुढचं मला सांगता येणार नाही."

झालं. हिशोब सरळ होता, तिसरीतल्या मुलालाही जमेल असा. अकरा किलो, दहा आठवडे.

हॉस्पिटलात आहार सांगणाऱ्या बाई होत्या. तरुण, नीटनेटक्या, आवाज मऊ. त्यांनी एक वही दिली, पोस्टकार्डाएवढा छोटा वजनकाटा दिला आणि सांगितलं, दिवसाला बाराशे कॅलरी. तोंडात जाईल ते आधी तोलायचं, मग लिहायचं, मगच खायचं. अक्का घरी आली आणि एक उकडलेला बटाटा त्या काट्यावर ठेवला. एकशे दहा ग्रॅम. सहाशे माणसांचा भात ज्या बाईने नजरेने शिजवला, ती एका बटाट्यापुढे चष्मा लावून बसली होती. तिचं तिलाच हसू आलं. पण लिहिलं. सकाळी एक अंडं, पावाचा एक तुकडा, बिनसाखरेचा चहा. दुपारी घरून नेलेला डबा, तोललेला. संध्याकाळी भाजी आणि ताक. कॅन्टीनमधलं ताट तिने बंद केलं. पंगतीला बसून सगळ्यांबरोबर जेवायची ती आता भिंतीकडे तोंड करून डब्यातल्या काकड्या चावायची.

पहिल्या आठवड्यात सव्वा किलो उतरलं. अक्काने धाकट्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "अगं अशाने तू माझ्याआधी संपशील." दुसऱ्या आठवड्यात दोनशे ग्रॅम उतरलं. तिसऱ्यात काहीच नाही. चौथ्या आठवड्यात काटा शंभर ग्रॅम वर गेला.

अक्काने काटा बदलून पाहिला. कारखान्याच्या गोदामात मालाच्या पेट्या तोलायचा मोठा काटा होता, त्यावर उभी राहिली. तोच आकडा. मग तिने स्वतःच बाराशेचे हजार केले, हजाराचे नऊशे. कामावरून घरी जाताना बस सोडून चालायला लागली. पाय भरून यायचे, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. रात्री भुकेने झोप लागायची नाही. आणि सोमवारी काट्यावर उभं राहिलं की तो ढिम्म.

आहारवाल्या बाईंनी वही चाळली. पानन् पान भरलेलं, ग्रॅमसकट. त्यांनी वही मिटली आणि मऊ आवाजात विचारलं, "अक्का, खरं लिहिता ना सगळं?"

"म्हणजे?"

"रागावू नका. पुष्कळ जण थोडंसं राहू देतात लिहायचं. एखादं बिस्किट, मूठभर दाणे. माणूस आहे, होतं असं."

आयुष्यात अक्काला कुणी खोटारडी म्हटलं नव्हतं. ही कालची मुलगी गोड बोलून म्हणत होती. ती उठली, वही पिशवीत टाकली आणि आभारसुद्धा न मानता बाहेर पडली. बाई म्हणाल्या ते चूक नव्हतं, हे तिला अजून कळायचं होतं.

भावजयीने तर आडपडदा ठेवला नाही. पाचवा आठवडा चालू होता. धाकटा आतल्या खोलीत झोपला होता, आणि या दोघी ओट्याशी उभ्या होत्या.

"वन्सं, एक विचारू?"

"विचार की."

"तुम्हाला भीती वाटते का? चिरफाडीची?" भावजय नळाकडे बघत म्हणाली. "वाटली तर वाटू दे. मला नाही राग येणार. पण मग तसं सांगा. त्यांना उगाच आशेवर ठेवू नका. ते रोज मला विचारतात, अक्काचं किती झालं."

भीती अक्काला वाटत होतीच, कुणाला नाही वाटणार? पण त्या भीतीसाठी ती एक घास जास्त जेवली असती तर जीभ झडली असती तिची. "मी नऊशेच्या वर खात नाही गं," एवढंच ती म्हणाली. भावजयीने मान हलवली. ती मान विश्वासाने हलली नव्हती, हे सांगायला कुणी ज्योतिषी नको.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये अक्का पातेल्यापुढे उभी राहून रडली. तिथे बटाटे सोलायला एक बाई होती. तिच्या हातातल्या सुरीपेक्षा जीभ जास्त चालायची, म्हणून सगळे तिलाच सुरी म्हणत. सुरीने रडणाऱ्या माणसाला कधी जवळ घेतलं नव्हतं. तिला ते जमायचं नाही. ती स्टुलावर बसून सोलत राहिली.

"काय झालं ते तरी सांग. रश्श्यात टिपं पडली तर मीठ जास्त होईल."

अक्काने सांगितलं. वही, काटा, बाईचं बोलणं, भावजयीचं बोलणं. बोलता बोलता तिने पळी उचलली, तळहातावर रस्सा ओतला, टिपला, म्हणाली, "आंबट कमी आहे," आणि पुढे बोलू लागली. "आईशप्पथ सांगते, नऊशेच्या वर एक घास नाही."

सुरीचा हात थांबला. "आणि हे काय होतं?"

"कुठे काय?"

"आत्ता चाटलंस ते."

"ती चव," अक्का म्हणाली.

"बरं. आणि चव कुठे जाते? वर आकाशात?"

सव्वीस वर्षांत चव म्हणजे खाणं असं अक्काच्या मनातही आलं नव्हतं. शिंपी सुई दातात धरतो, म्हणून कुणी म्हणतं का की तो सुया खातो? चव हे काम होतं. भूक वेगळी, जेवण वेगळं, चव वेगळी. त्या वहीत चहातल्या दुधाचे थेंबसुद्धा होते, पण चव लिहायची हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि आहारवाल्या बाईंनी तरी काय विचारावं? त्यांनी घरी चार माणसांपुरती भाजी केली असेल फार तर.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," सुरी म्हणाली. उठून तिने एक स्टीलचा ग्लास आणला. "आज पळी उचललीस की तळहातावर जेवढं घेशील तेवढंच यात ओतायचं. चाटायचं नाही. मी बघते."

तेव्हापासून दुपारी दोनपर्यंत सुरी ग्लास घेऊन तिच्या मागे फिरली. फोडणी झाली, हात पळीकडे. पाणी घातलं, हात पळीकडे. मांस शिजलं का, भाजी उतरली का, कस्टर्ड घट्ट झालं का, आधी झालेलं पुन्हा बरोबर आहे ना. पातेलं बाहेर जायच्या आधी एकदा, रिकामं परत आल्यावर तळाशी राहिलेलं एकदा. भाताची खरपूड, पावाचं टोक. जी गोष्ट सर्वांत वाईट, ती सुरीच्या लक्षात आली. ती स्वभावाप्रमाणे बोललीच.

"पूर्वी तू एवढं चाखत नव्हतीस, अक्का. मी बारा वर्षं बघतेय. महिनाभरात वाढलंय हे."

म्हणजे पोट उपाशी राहिलं आणि हात चोर झाला. जेवढं वहीत कमी लिहिलं गेलं तेवढं पळीने भरून काढलं, आणि धनिणीला पत्ताच नाही.

दोन वाजता एकाचे तीन ग्लास झाले होते. वर तेलाचा थर गोठून पिवळा झाला होता. अक्काने ते तसेच झाकून हॉस्पिटलात नेले आणि आहारवाल्या बाईंच्या टेबलावर ठेवले. बाईंनी तोलले, विचारलं यात तेल किती, साखर किती, लोणी किती. बराच वेळ आकडेमोड केली.

"साडेनऊशेच्या आसपास," त्या म्हणाल्या. मग खाली बघत, "मी तुम्हाला तसं विचारायला नको होतं."

"विचारलंत ते बरोबरच होतं," अक्का म्हणाली. "मीच खोटं लिहीत होते. मला माहीत नव्हतं एवढंच."

पाच आठवडे गेले होते आणि उतरलं होतं दीड किलो.

त्या संध्याकाळी तिने धाकट्याला सगळं सांगितलं. लपवायचं तरी कुणापासून? त्याचं पोट पाण्याने फुगलं होतं, हात काठ्यांसारखे झाले होते. त्याने ऐकून घेतलं आणि तो इतका हसला की त्याला खोकला लागला.

"म्हणजे तू मला नाही वाचवलंस, पण रस्सा बिघडू दिला नाहीस."

"गप रे."

"अगं, हसतोय मी. अक्का, तू आहेसच तशी. मी आजारी पडलो तरी आधी पेजेत मीठ बघायचीस, मग ताप." त्याने उशी वर ओढली. "होईल. अजून वेळ आहे. तू फक्त हिला काही सांगू नकोस. ही आधीच टोकाला आलीये."

अक्काने मान डोलावली. भावजय बाहेर कपडे वाळत घालत होती.

सहाव्या आठवड्यापासून अक्काने चाखणं बंद केलं. सांगायला सोपं आहे. पहिल्या दिवशी तिने चाखून थुंकून बघितलं. मोरीत अन्न थुंकताना तिला असं भडभडून आलं की पुन्हा ते केलं नाही. मग सुरीला चाखायला लावलं, पण सुरीची जीभ बोलण्यापुरतीच तेज. तिला सगळंच "बरंय" लागायचं. त्या दिवशी सहाशे माणसांनी खारट रस्सा खाल्ला. ताटं आपटली गेली. मॅनेजर आत येऊन म्हणाला, "अक्का, तब्येत बरी नाही का?" दुसऱ्या दिवशी अळणी. तिसऱ्या दिवशी अक्काने आयुष्यात पहिल्यांदा मीठ तोलून घातलं, त्याच छोट्या काट्यावर, बावीस वेळा. जेवण पोटात जाण्यासारखं झालं. चांगलं झालं असं कुणी म्हणालं नाही. ज्या हाताने नाव कमावलं तो हात ती पाठीमागे बांधून काम करत होती, आणि लोकांची बोलणी खाली मान घालून ऐकत होती. बोला बाबांनो, पोटभर बोला.

आणि वजन उतरायला लागलं. सव्वा किलो. एक किलो तीनशे. पुन्हा सव्वा. इतकं सरळ, इतकं निमूट उतरत गेलं की अक्काला प्रत्येक सोमवारी आनंदाच्या आधी संताप यायचा. हे आधीही असंच उतरलं असतं. पहिल्या दिवसापासून असंच.

दहाव्या आठवड्यात ती एकोणऐंशीवर होती. सर्जनने पुन्हा फोटो काढला. "छान चाललंय. पण अजून नाही. अजून तीन-चार आठवडे." धाकटा तेव्हा स्वतःच्या पायांनी जिना चढत होता. बाराव्या आठवड्यात त्याला धरून चढवावं लागलं. तेराव्यात तो बायकोला ओळखायला वेळ लावू लागला. मध्येच नीट बोलायचा, मध्येच काचा घासल्यासारखी बोटं चादरीवर फिरवायचा.

तेराव्या आठवड्याच्या सोमवारी काटा पंच्याहत्तरवर थांबला. फोटो स्वच्छ आला. सर्जनने सही केली, गुरुवारची तारीख दिली. अक्काने बॅग भरली. मंगळवारी धाकट्याला ताप भरला. पोटातल्या पाण्यात जंतू झाले होते. ते जाईपर्यंत ऑपरेशन करता येणार नव्हतं. गुरुवार गेला. शनिवारी दुपारी तोही गेला. अक्का त्याच मजल्यावर, दोन खोल्या पलीकडे, लिव्हर तयार ठेवून बसली होती.

ती आठ दिवसांनी कामावर आली. कारखान्याच्या ऑफिसातल्या बायका तिच्याभोवती जमल्या, वाईट वाटल्याचं बोलल्या, आणि मग त्यांतली एक न राहवून म्हणाली, "पण अक्का, किती बारीक झालात. दहा वर्षांनी लहान दिसता. काय केलंत, सांगा ना." अक्का म्हणाली, "मोजून खाल्लं." त्या बाईला चिमटा काढून दुसरीने ओढून नेलं.

पण तिला खरं जाळलं ते भावजयीच्या कौतुकाने. दर रविवारी अक्का तिच्याकडे जाऊन बसायची, आणि दर रविवारी कुणी ना कुणी भेटायला आलेलं असायचं. भावजय पाणी देता देता सांगायची, "वन्संनी जिवाचं रान केलं हो. अकरा किलो उतरवले. त्यांच्या बाजूने काही कमी नव्हतं. आमचंच नशीब." येणारे हात जोडायचे. अक्का पाण्याच्या भांड्यात बघत बसायची. खाई त्याला खवखवे. सुरीने तिला बजावलं होतं, "गप्प बस. बोललीस तर तुला हलकं वाटेल आणि तिला जड होईल." ते शहाणपणाचंच होतं.

सहावा रविवार होता. शेजारीण येऊन गेली, तेच बोलणं झालं, तेच हात जोडले गेले. दार लागलं आणि अक्काला पुढचं सोसवेना.

"असं सांगत जाऊ नकोस लोकांना," ती म्हणाली. "पाच आठवडे माझ्यामुळे गेले. मी खात होते. पातेल्यातलं चाखत होते दिवसभर, आणि मला ते खाणं वाटत नव्हतं. साडेनऊशे कॅलरी रोज. ते पाच आठवडे मिळाले असते तर तो पायांनी चालत ऑपरेशनला गेला असता."

भावजयीने शेजारणीचा ग्लास उचलला, विसळला, पालथा घातला. मग येऊन समोर बसली.

"मला माहीत आहे, वन्सं."

"कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. तुम्ही त्यांना सांगितलंत, त्याच रात्री. माझ्यापासून त्यांना काही लपवता यायचं नाही." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "म्हणाले, अक्का स्वतःला खाईल यावरून. तिला कळू देऊ नकोस की तुला माहीत आहे. आणि चारचौघांत तिचं चांगलं बोल. माझ्याकडून वचन घेतलं. म्हणून बोलत होते."

अक्काला रडू येत होतं, आणि क्षणभर तिला वाटलं की आता दोघी मिळून रडतील.

"रोज बोलताना माझ्या घशात काटा असायचा," भावजय म्हणाली. "मी वाईट नाही हो. मला कळतं तुम्ही मुद्दाम नाही केलं. पण मला ते पाच आठवडे दिसतात. तुम्ही दारातून आलात की आधी तेच दिसतात. त्यांच्यासाठी मी ते गिळत होते. आता तुम्हीच बोललात, तर मी सुटले." तिने हात मांडीवर ठेवले. "पुढच्या रविवारी येऊ नका, वन्सं. त्याच्या पुढच्याही."

अक्का उठली. चपला घालताना तोल गेला तेव्हा भावजयीने तिचा दंड धरला, ती सावरेपर्यंत धरून ठेवला आणि मग सोडला.

पुढच्या रविवारी अक्का घरी एकटीच बसून राहिली. दुपार झाली आणि तिला भूक लागली. रोजच्यासारखी, साधी, सणसणीत भूक. तिला त्या भुकेची इतकी किळस आली की ती ओट्याकडे पाठ करून भिंतीशी बसली, आणि भूक तशीच लागत राहिली.